आधी विचारणारे इवाई

आमच्या इवायांनी जिची परवानगी घेतली नाही अशी एकही वस्तू अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात शिल्लक असेल, असं मला वाटत नाही. व्याह्याला आमच्या वऱ्हाडात इवाई म्हणतात. माझी मुलगी त्यांच्याकडे दिली तेव्हा ते एसटीतल्या कंडक्टरकीतून नुकतेच निवृत्त झाले होते. आवाज मात्र अजून भरल्या गाडीच्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा. तर हे गृहस्थ अकोल्याच्या जठारपेठेतल्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत शिरतानाही दारावर टकटक करतात. स्वयंपाकघराला दार नाही, तिथे भिंतीवर करतात. नातीला कडेवर घ्यायचं असलं की हात मागे बांधून तिच्यासमोर वाकतात आणि विचारतात, "उचलू का तुले?" ती तीन वर्षांची कार्टी कधीकधी "नाई" म्हणते, आणि हे खरंच उचलत नाहीत! दिसेल त्या पोराचे गाल ओढण्यात माझा जन्म गेला. त्यांच्यासमोर माझे हात खिशातच राहतात.

हे वेड निवृत्तीनंतरचं. अकोल्यात व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींचा एक संघ आहे. गावोगावच्या स्पर्धांना त्यांच्यासोबत जायला जबाबदार माणूस हवा होता, तिथे हे आपणहून जाऊन उभे राहिले. खेळाडूंच्या सुरक्षेचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. बाकीची मंडळी जेवणाची वाट पाहत होती. यांनी शब्दन् शब्द वहीत उतरवला आणि संध्याकाळपासून पाळायला घेतला. खेळाडूशी एकट्याने बंद दाराआड बोलायचं नाही, म्हणून संघासोबत जाणाऱ्या दुसऱ्या जबाबदार बाईंना हाक मारल्याशिवाय ते डोकेदुखीची गोळीसुद्धा कुणाला देत नाहीत. विचारल्याशिवाय अंगाला हात नाही, आणि व्हीलचेअर म्हणजे खेळाडूचं अंगच. एकदा उद्घाटनाला आलेल्या बड्या पाहुण्यांनी फोटोसाठी एका मुलीची खुर्ची मागून धरली. इवाई गर्दीतून वाट काढत पुढे. "साहेब, खुर्ची तिची हाये. तिले इचारा." पाहुण्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नको." त्या फोटोत पाहुणे, हातांचं काय करावं ते न सुचलेल्या नवरदेवासारखे उभे आहेत.

मी या सगळ्यावर पुष्कळ हसलो. मागच्या हिवाळ्यात ते हसणं थांबलं. संघ आमच्या अमरावतीला खेळायला आला होता, म्हणून दुपारी डबा घेऊन मी हॉलवर गेलो. इवाई आणि सोबतच्या बाई मुक्कामाच्या खोल्या बघून तेवढ्यातच परतले होते. आत शिरलो तर मूर्तिजापूरची प्रणाली, बी.कॉम.ला शिकणारी, कोर्टाच्या कडेला जमिनीवर बसलेली. खुर्ची कुठे दिसेना. सकाळच्या सामन्यात तिच्या हातून चेंडू सुटले, म्हणून प्रशिक्षकांनी शिक्षा म्हणून खुर्ची काढून घेऊन कुलपात ठेवली होती. दोन तास ती तशीच बसली होती. बाथरूमलाही जाता आलं नव्हतं. बाकीच्या मुली खाली बघत म्हणाल्या, "सर असंच करतात."

इवाई तिच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"खुर्ची आणू?"

"आना."

"बसायले मदत पायजे?"

"नको. मले जमते."

किल्ली मागायला गेले तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "तुम्ही कंडक्टर माणूस. तुम्ही तिकिटं फाडा, शिस्त मला बघू द्या."

"फाडली ना साहेब, तीस वर्षं फाडली. पन कोन्या पॅसेंजरच्या कुबड्या कधी काढून नाई घेतल्या." आणि किल्ली मिळेपर्यंत ते हात पुढे करून तिथेच उभे राहिले.

प्रशिक्षक खेळ शिकवण्यात पक्का होता, त्याने संघाला कप मिळवून दिले होते, हे मला ठाऊक होतं. मी इवायांना बाजूला घेऊन कुजबुजलो, "उद्या अंतिम सामना आहे. तक्रारीचं नंतर बघू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते आठवून अजून मला लाज वाटते. "नंतर म्हंजे कवा?"

मग ते बाईंना घेऊन प्रणालीकडे गेले. "हे मले लिहून द्याच लागते, पोरी. दाबून ठेवता नाई येत. पन तुले बोलाचं का नाई, ते तू ठरव." ती बराच वेळ चाकावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मले बोलाचं हाये, काका."

संयोजकांच्या समितीसमोर ती दहा मिनिटं बोलली. इवाई शेजारी बसून होते आणि त्या दहा मिनिटांत त्यांनी एक अक्षर उच्चारलं नाही. इतका वेळ त्यांना गप्प बसलेलं त्यांच्या बायकोनेही पाहिलं नसेल. तिच्यानंतर आणखी दोघी बोलल्या. प्रशिक्षकांना संघापासून दूर केलं, चौकशी झाली, आणि ते परत आले नाहीत. अंतिम सामना मुली प्रशिक्षकाशिवाय खेळल्या आणि सडकून हरल्या. एका मुलीचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "कप घालवला तुमी." इवाई सामान मोजत राहिले.

परतीच्या गाडीत मीही होतो, लेकीला भेटायला निघालो होतो. बडनेरा मागे पडल्यावर मी विचारलं, "इतकं का लावून घेता हो जिवाला?"

ते खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत होते. "मले एक धाकटा भाऊ होता. पाय नव्हते चालत त्याचे. माया लय केली आमी. उचलून कुठंबी ठेवत होतो. माह्या लग्नात पाहुने येतीन म्हनून त्याले मांगच्या खोलीत ठेवलं. मीच नेलं उचलून. वाजंत्री तेथूनच आयकली त्यानं." खिडकीची काच सरकवत म्हणाले, "आता नाई तो."

पुढच्या सीटवरून प्रणालीने मान वळवली. "काका, नाव काय होतं त्यायचं?"

मूर्तिजापूरची घरं दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "भास्कर." आणि मग हसले. "कॅरम लय भारी खेये. मले कधीच जिंकू नाई देल्लं त्यानं."