अरबाचा हुक्का

सहदेवनं पुंजारामला पहिल्यांदा पाहिलं ते अमरावतीच्या कापसाच्या बाजारात, एका अरबाचा हुक्का ओढताना.

सहदेव मूर्तिजापूरकडचा कुणबी. पुंजारामची लेक कौशल्या आपल्या मुलासाठी मागायची होती, म्हणून होणारा व्याही आधी नजरेखालून घालावा, एवढ्यासाठी तो आला होता. त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव होता. गाड्यांना जागा मिळत नव्हती आणि शेतकरी आपापल्या गाडीपाशीच मुक्काम करत.

अरबाचं नाव सालेम जमादार. निजामाची चाकरी सुटल्यावर तो कापसाच्या राखणीला राहिला होता. दोन झुरके घेऊन त्यानं नळी हातात न देता, तिचं तोंड स्वतःकडे करून चटईवर ठेवली. पाहुण्यानं ती आपल्या हातानं उचलायची, ही त्याच्याकडची रीत. पुंजारामनं उचलली आणि सरळ ओठांना लावली.

"भाऊ, नळीले ओठ लागू नये म्हून मूठ तरी आड धराची!" सहदेव त्याला बाजूला नेऊन, आपली ओळख सांगून म्हणाला.

"काहून? कापसाच्या गंजीले आग लागली तवा यानं माहे बैल सोडून आणले. हात पोळून घेतला. तवा त्यानं माही जात पाह्यली काय?"

"पन जातवाले जाब इचारतीन ना."

"इचारू दे. नळी नाकारनं म्हंजे या लोकायत यजमानाच्या तोंडावर थुकनं हाय."

गाड्या पुंजारामच्या गावी परतायच्या आधी बातमी पोचली. पंचायत बसली. बोलणं पक्कं करायला आलेला सहदेवही तिथंच होता. जातीचा हुक्का फिरत पुंजारामपाशी आला आणि त्याला ओलांडून पुढं गेला.

भगवंतराव पाटील म्हणाले, "जातीले पंगत दे अन् चुकलो म्हन. मिटलं."

"पंगत देतो. पोटभर जेवा. पन चुकलो म्हननार नाही."

"मंग तुहा हुक्कापानी बंद!"

"बंद त बंद. माह्या घरचा तमाखू काई सरला नाही."

कुणीतरी हसलं आणि पाटलांकडं पाहून खोकलं. पुंजारामची बायको गोदाबाई भिंतीआडून म्हणाली, "अन् पोरीचं काय?"

सगळ्यांच्या नजरा सहदेवकडं वळल्या.

"पाव्हणे, इचार करा," पाटील म्हणाले. "ह्या घरची पोरगी केली, त तुमचाबी हुक्का बंद."

सहदेवला भाऊ आठवले, गाव आठवलं. मग वाटलं, एवढ्या माणसांसमोर ज्याला खोटं 'चुकलो' म्हणता येत नाही, त्याची लेक आपल्या घरी खोटं वागणार नाही. तो उठला आणि पुंजारामशेजारी जाऊन बसला.

"तिथी काढा, व्याही."

पुंजाराम म्हणाला, "मांडवात जमादार येईन, सांगून ठेवतो."

"येऊ द्या. नळी कशी उचलाची, तेवढं मले शिकवून ठेवा."

लग्न लागलं. जमादार आला, भावकीतलं कुणी फिरकलं नाही. कौशल्या सासरी सुखात आहे. गावच्या विहिरीवर पुंजारामला आजही पाणी भरू देत नाहीत. त्यानं आपल्या वावरात विहीर खोदली आहे आणि गोदाबाईला घेऊन तो तिथंच राहतो.