रुळांपाशी थांबणारी बस

आमच्या तालुक्याच्या वाटेवर छोट्या गाडीचे रूळ रस्ता ओलांडून जातात. तिथे फाटक नाही. रूळ आले की एसटी थांबते, कंडक्टर खाली उतरतो, दोन्हीकडे नीट बघतो आणि शिट्टी वाजवून बसला पलीकडे घेतो. नियमच आहे तसा. गाडी मात्र केव्हाच बंद झाली. रुळांमध्ये टाकळा माजलाय आणि त्यात शेळ्या निवांत चरत असतात.

परवा शेजारची बाई वैतागली. "अहो मास्तर, आता कुठली गाडी यायचीय?"

"रूळ उचललेत का, ताई? मग उतरावंच लागतं," कंडक्टर म्हणाला.

मला हसू आलं. याच बसने त्या गाडीचे प्रवासी पळवले. गाडी रमतगमत जायची, माणसांना घाई होती. आता जिंकलेली बस हरलेल्या गाडीसाठी रोज थांबते, आधी तू जा म्हणते.

या रुळांच्या डाव्या टोकाला माझं माहेर होतं. मी येणार असले की आई गाडीची लांबची शिट्टी ऐकून भाताचं आधण ठेवायची. मी दारात पोचेपर्यंत भात वाफेवर आलेला असायचा. आता तिथे ना आई, ना चूल.

तरी कंडक्टर उतरला की मीही खिडकीतून डावीकडे बघत राहते.

"काही नाही, चला!" तो ओरडतो.

दर वेळी वाटतं, त्याने जरा घाईच केली.