ॲडजस्ट करू?

लोपीस सर कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिची परवानगी काढतात. फळ्याशेजारचं कॅलेंडर वाकडं दिसलं की शिकवता शिकवता थांबतात, "ॲडजस्ट करू?" असं विचारतात आणि मगच ते सरळ करतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, त्यांच्या पहिल्याच तासाला मी हे पाहिलं आणि मला वाटलं, सर कॅलेंडरशी बोलतात.

ही सवय बुद्धिबळाची, हे नंतर कळलं. ज्या मोहऱ्याला हात लावाल तेच चालवावं लागतं. नुसतं चौकोनात नीट ठेवायचं असेल, तर आधी तसं सांगायचं. इतर खेळाडू 'ॲडजस्ट' एवढा एक शब्द बोलून मोकळे होतात. सर पडले अदबशीर, ते विचारतात. चाळीस वर्षं खेळून त्यांना पट कुठे संपतो तेच कळेनासं झालंय.

एकदा स्टेशनवरून उमेळ्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात मी आणि सर एकत्र होतो. आमच्यामध्ये एक मावशी मासळीची टोपली मांडीवर घेऊन अंग चोरून बसल्या होत्या. पुढच्या दांड्याला बांधलेली मरियामातेची तसबीर तिरकी झालेली सरांना दिसली. "ॲडजस्ट करू?"

मावशी भडकल्या. "आनखी किती ॲडजस्ट करू? रिक्षावाल्याच्या मांडीवर जाऊन बसू काय?"

"नाही नाही मावशी," सर घाईघाईने म्हणाले, "तुमची नाही, माझी चाल आहे."

सर आम्हाला स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकवायचे. तुळईवर किती भार आहे हे एखाद्याने घडाघडा सांगितलं, की म्हणायचे, "भार किती, हे कोणीही सांगेल. कुठे आहे, ते सांग." दुपारच्या सुट्टीत लॅबमधल्या टेबलावर ते पट मांडायचे. मला गर्दीत बसून डबा खायला जमायचं नाही, म्हणून मी तिथे जायला लागले. बुद्धिबळात बोलावं लागत नाही, ही मोठीच सोय होती. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला बिशप आणि रूक माहीत होते. त्यांचे उंट आणि हत्ती सरांनी केले. "हत्ती तुझा उत्तम आहे गं," ते म्हणायचे, "पण उभा कुठे आहे?" मी रोज हरायचे. एके दिवशी त्यांनी मान डोलावली. "आज छान हरलीस. काल वाईट हरली होतीस." त्या शेऱ्याने मी आठवडाभर खूश होते.

सरांना स्वतःला मात्र एक गोष्ट हवी होती, आणि ती लपवता येत नव्हती. बुद्धिबळातला इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळवायला तीन स्पर्धांमध्ये ठरावीक दर्जाची कामगिरी करावी लागते. दोन त्यांनी तरुणपणीच केल्या होत्या, बाकीच्या अटीही पूर्ण झाल्या होत्या. तिसरी कामगिरी दर वेळी थोडक्यात हुकायची. कधी परीक्षेची ड्युटी आडवी यायची, कधी पेपर तपासणी. कॉलेजमध्ये कोणी विचारलं तर म्हणायचे, "येईल. सध्या वाटेत आहे."

मागच्या वर्षी अशी एक स्पर्धा वसईतच भरली. मी तेव्हा नोकरीला लागले होते. रविवारी शेवटची फेरी पाहायला गेले. सरांना हा डाव जिंकायलाच हवा होता, बरोबरी चालणार नव्हती. समोर होता विरारचा प्रसाद, सरांचाच जुना विद्यार्थी, आता वालीवच्या एका मशीन शॉपमध्ये कामाला.

चार तासांनी सरांची बाजू स्पष्ट वरचढ होती. प्रसाद घामाघूम झाला होता. सरांना पटावरचा घोडा जरा तिरका दिसला.

"ॲडजस्ट करू?"

प्रसादने झटकन मान वर केली. "करूया सर!" त्याने घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. सरांनी दोन्ही हातांनी तो हात धरला. दोघांचेही चेहरे फुलले होते. मला काहीच कळेना.

दोघांनी आपापल्या कागदावर निकाल लिहिला आणि पंचांनी ते कागद उचलले. सरांच्या कागदावर सरांचा विजय होता, प्रसादच्या कागदावर बरोबरी.

"नक्की काय ठरलंय तुमचं?"

"सरांनीच विचारलं ना, ॲडजस्ट करू का," प्रसाद म्हणाला. "म्हणजे मिटवून टाकू."

"अरे, मी घोड्याला विचारत होतो!" सर म्हणाले. "तू हात पुढे केलास, मला वाटलं तू डाव सोडलास."

हरत आलेल्या माणसाला बरोबरी ऐकू आली होती, आणि जिंकत आलेल्याला शरणागती. पंच कपाळ चोळत म्हणाले, "दोघं तयार असाल, तर डाव आहे तिथून पुढे खेळा. नाहीतर हस्तांदोलन झालंय, बरोबरी लिहावी लागेल."

म्हणजे आता सगळं प्रसादच्या हातात होतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेनाचं टोपण काढून ते हळूच म्हणाले, "तुला बरोबरी हवी असेल तर मी सही करतो. चूक माझीही आहे."

प्रसादने पटावर एकदा नजर फिरवली. मग खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "चार वर्षं कॉलेजात तेच ऐकलंय, मला कळायला हवं होतं. सर, तुमच्या विषयात दोनदा नापास झालोय. आज तिसऱ्यांदा. घड्याळ लावा."

अकरा चालींनी त्याने राजा आडवा केला. या वेळी हात पुढे करताना मोठ्याने म्हणालाही, "सर, हरलो."

बाहेर व्हरांड्यात सरांनी घरी फोन लावला. ते फोन कायम स्पीकरवर ठेवतात. "फिलोमिना, झालो! मास्टर झालो!"

"मास्तर तर तुम्ही लग्नाच्या आधीपासून आहात," काकूंचा आवाज आला. "आजचं सांगा."

सर भिंतीला टेकून इतके हसले, की आतून पंच आले आणि तोंडावर बोट ठेवून उभे राहिले. प्रसादही हसत होता, मीही. काकू मात्र फोनवर अजून विचारतच होत्या, "अहो, पण हरलात का?"