बाटलीत उरलेलं पाणी

माझा धाकटा राजस्थानच्या सीमेवर पहाऱ्याला आहे. मे लागला की फोनवर माझं पहिलं विचारणं, खिशात कांदा ठेवला का? आम्हा नागपूरकरांच्या खिशात उन्हाळाभर कांदा असतोच, ऊन लागू नये म्हणून. तो दरवेळी हसतो.

त्या दिवशी हसला नाही. "माय, आज वाळूत एक माणूस सापडला. उंट शोधत सीमेच्या तारेपर्यंत आला होता. उन्हानं गेला."

"पाणी संपलं असन गा त्याचं."

"नाही न वं. बाटली जवळच होती. अर्धी भरलेली."

आता सांगा, पाणी जवळ असून माणूस असा कसा जातो? पोळ्या लाटताना तेच डोक्यात. सून म्हणाली, "आई, कोण कुठला माणूस, तुम्ही काय घेऊन बसल्या?" पण माझं पोरगं त्याच वाळूत चालतं ना.

मग त्यालाच विचारलं, "काहून नाही पेला गा तो?"

"परतीसाठी वाचवलं असन. आमचे पोट्टे बी वाचवतेत. अन् ऊन डोक्यात गेलं का तहान लागली हेच समजत नाही, माय."

"अन् तू?"

जरा थांबून म्हणाला, "मी पेतो न." ते थांबणं काही मला आवडलं नाही.

पुढे एकदा मिरच्या आणायला लकडगंजला गेले. डोक्याला दुपट्टा, पिशवीत पाण्याची बाटली. परतले ती भर दुपारी. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पायरीवरच बसले. बाटली काढली तर जेमतेम घोटभर कमी. वाटभर मनाशी म्हणत होते, घरी जाऊन माठातलं गार पिऊ.

असं होतं तर. त्या माणसाच्या घरीही माठ भरलेला असेल.

आता कांद्याचं विचारणं आहेच, पण संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आधी म्हणते, "बाटली दाखव. उलटी कर." शाळेतून आला की डबा बघायचे, तसंच.

"माय, बाजूले साहेब उभे आहेत वं."

"त्यायले बी बाटली उलटी करायले सांग."

काल बाटली उलटी केली तर पाणी सांडलं. "हे काहून उरलं?" मी विचारलं. त्यानं राहिलेलं माझ्यासमोर पिऊन टाकलं.