धुऱ्यावरची हाक

हाक मारायची गरज नाही, हे तिला मी सांगितलं. ही गोष्ट आधीच लिहून टाकते. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला त्यातून सोडवून घेईन, माझी सवय मला माहीत आहे.

नवा रायपूरच्या पलीकडे, रुंद रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलं की आमचं तीन एकर वावर येतं. जमिनीच्या खसऱ्यात बाबांचं नाव आहे. बाबांची हयात सरकारी कचेरीत गेली आणि आम्ही राहतो शहरात, बूढापाऱ्यात. नांगराला आमच्या घरात कोणी हात लावलेला नाही. वावर कसतात गावातले एक गृहस्थ, मी त्यांना कका म्हणते. त्यांचा ठराव रेगह्याचा, म्हणजे वर्षभरासाठी वावर त्यांचं, बदल्यात ठरलेलं धान, आणि सगळं तोंडी. पटवारी पीक पाहायला आला की जोतणारा म्हणून बाबा स्वतःचं नाव सांगतात. कका शेजारीच उभे असतात, चिखलाच्या पायांनी. त्यांचं नाव एकदा कागदावर चढलं की वावर हातचं जाईल, ही बाबांची भीती.

याच खोटेपणाविरुद्ध मी पर्चे लिहायचे. आमची संघटना लहान होती आणि आवाज मोठा. त्या वर्षी आम्ही रस्त्याचा प्रश्न घेतला होता. पूर्वी धान कापलं की वावरं सगळ्यांना मोकळी असायची. माणसं जायची, ढोरं जायची, कोणी अडवायचं नाही. बोअर आले, उन्हाळी धान आलं, आणि वावर बारा महिने भरलेलं राहू लागलं. पलीकडे ज्यांच्या बाऱ्या, भाजीचे छोटे मळे, होते त्या बायांना जायला फक्त धुरा, वावराचा बांध, उरला. धुरा पायांनी ढासळतो, पाणी फुटतं, म्हणून कसणारे ओरडायचे. ककाही ओरडायचे.

आमच्या वावरातून रोज जाणारी एक म्हातारी होती. सगळं गाव तिला दाई म्हणायचं. धुऱ्यावर पाय ठेवायच्या आधी ती ओरडायची, "जावत हंव गा!" पंपाच्या खोलीपाशी बसलेले कका न बघताच म्हणायचे, "हव!" पलीकडच्या टोकाला पोचली की, "निकल गेंव!" पुन्हा "हव!" संपलं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. जी वाट हिच्या सासूची होती, सासूच्या सासूची होती, त्या वाटेवर हिने परवानगी का मागायची? आमच्या पर्च्यावर मोठ्या अक्षरांत होतं, रास्ता भीख नहीं, हक है. बायांच्या बैठकीत मी तेच वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, आता कोणाला विचारायचं नाही, ओरडायचं नाही, सरळ मान वर करून चालायचं.

दाई पुढेच बसली होती. म्हणाली, "त चिल्लाए बर घलो मना हे?"

"मना नहीं है दाई, ज़रूरत नहीं है."

"बने हे. मोर टोंटा बांचही," ती गळ्यावर हात फिरवत म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

आमच्या धुऱ्याला लागून एक जुनी विहीर होती. बोअर झाल्यापासून तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. कठडा नाही, आणि चहूबाजूंनी बेशरमाची झुडपं माजलेली. तिच्यावरून बाबांचं आणि ककांचं एकदा माझ्यासमोरच वाजलं होतं.

"कुआं तो मालिक के आय," कका म्हणाले.

"वावर तुम्ही वाहून राहिले न? मग विहीर का मी बूढापाऱ्यातून पाहू?"

"त पाट देथंव, मालिक. माटी डार के बराबर."

"बुजवायची नाही!" बाबा तडकले. "विहीर असली म्हणजे वावराले किंमत येते."

हक्क सांगायचा तेव्हा बाबा मालक, जबाबदारी निघाली की रेगहावाला पुढे. हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं आणि मी ते फोनमध्ये लिहून घेतलं. विहिरीला काटे लावा, असं मात्र मी दोघांपैकी एकालाही म्हटलं नाही.

बैठकीनंतर दोन आठवडेही झाले नसतील. दाई सकाळी बारीकडे निघाली आणि दुपारी जेवायला आली नाही. सुनेला वाटलं, भाजी निंदत बसली असेल. दिवस कलल्यावर तिचा मुलगा शोधायला निघाला. विहिरीच्या काठाला झुडपं मोडलेली होती.

हवालदार आला, पटवारी आला. बाबा मला मागे बसवून स्कूटरवर तिथे गेले. पटवाऱ्याने विचारलं, कब्जा किसका है? इतकी वर्षं स्वतःचं नाव सांगणारे बाबा पट्कन म्हणाले, "जोतता तो ये है." ककांचं नाव कागदावर पहिल्यांदा आलं ते असं.

गावात वेगळंच सुरू झालं. दाई रोज हाक मारायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे त्या दिवशीही मारली असणार. म्हणजे ककांनी ती ऐकली असणार, आणि 'निकल गेंव' आलं नाही हेही कळलं असणार. धुऱ्यावरून दोघांची आधी भांडणं झालेली. लोक म्हणू लागले, याने जाणूनबुजून मरू दिली. ककांच्या घरी कामाला कोणी जाईना, दुकानात बोलणं बंद झालं. ते एकच वाक्य म्हणत राहिले, तिने हाक मारलीच नाही. कोणाचा विश्वास बसेना.

माझा होता. ती हाक कशी थांबली हे मला माहीत होतं.

आणि मी तीन दिवस गप्प बसले. संघटनेतल्या दीदीला फोन केला तर ती म्हणाली, "तू कुछ मत बोल, पूरे काम पर असर पड़ेगा." पर्च्यावर माझं नाव नव्हतंच, फक्त संघटनेचं. आईने दोनदा विचारलं, "काहून जेवून नाही राहिली? तुले काही झालं का?" मी नेहमीसारखं हिंदीतच उत्तर दिलं, कुछ नहीं. डोळे मिटले की बेशरमाची जांभळी फुलं दिसायची आणि त्यांच्या खालून एक आवाज सुरू व्हायचा, ओरडू की नको असं विचारणारा. विहिरीत पडल्यावर तिने आवाज दिला असेल का? दिला असेल तर काय म्हणाली असेल? मी हे कोणाला विचारणार होते?

चौथ्या दिवशी गावची बैठक होती. मी गेले, उभी राहिले आणि सांगितलं. मीच दाईला म्हणाले होते, ओरडायची गरज नाही. ककांनी ऐकलं नाही, कारण ऐकायला काही नव्हतंच.

मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील.  पण दाईची सून पदर सावरत, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "हव, घर मा कहत रहिस. अब चिल्लाए के काम नइ हे, नोनी हर बताए हे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पंचांनी मान हलवली, ककांवरचा आळ उतरला. बाबांनी विहिरीला कठडा बांधून द्यावा, असं ठरलं.

स्कूटरपर्यंत सोडायला कका आले. मला वाटलं, आभार मानतील. ते हँडलवर हात ठेवून खाली बघत उभे राहिले.

"नोनी, मैं देखे रहेंव."

मला कळलं नाही.

"डोकरी खेत मा आइस. हाँक नइ पारिस. मैं सोचेंव, नइ पूछय त मैं काबर देखंव." आणि त्यांनी हाताने दाखवलं, पंपाच्या खोलीपाशी बसल्या बसल्या, ती विचारत नाही तर मी कशाला बघू म्हणून, पाठ कशी फिरवली ते.

मी स्कूटर सुरू केली आणि निघून आले. परत गावात जाऊन हे सांगितलं नाही. आजवर घरीही सांगितलं नाही. लोकांना वाटेल दया आली म्हणून. दया वगैरे काही नाही. त्यांनी ते सांगितलं त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं, संघटनेतल्या दीदीला फोन करून सांगावंसं वाटावं इतकं हायसं. एक म्हातारी मेली आणि मी हिशोब लावत होते की यातलं माझं किती आणि त्यांचं किती. बाबा पटवाऱ्यासमोर करत होते तेच.

यंदा अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी, रेगह्याचे ठराव होतात त्या दिवसांत, बाबांनी विचारलं, "त्यालेच देऊ का वावर? का दुसरा पाहू?"

"त्यांनाच द्या," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणून बाबांनी वर पाहिलं.

"कागद करून द्या. त्यांच्या नावाचा."

 बाबा चष्मा काढून पुसत म्हणाले, "पाहू." मी समोरची खुर्ची ओढून बसले आणि उठले नाही.