खडूच्या डब्यातला भाव

“काऊन?” म्हणजे ‘का?’, हा आमच्या सरांचा लाडका शब्द. उत्तर बरोबर आलं तरी ते हातांवरचा खडू झटकायचे, मान तिरकी करायचे आणि विचारायचे, “बरोबर. पण काऊन?” त्यांच्या एका ‘काऊन’चं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी ते दिलं नाही. चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सरांचं कौतुक करता करता मी ते सोयीने विसरून जाईन.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याच्या एका कॉलेजात एमबीएचा वर्ग नवाच सुरू झाला होता. अर्थशास्त्राची ओळख करून देणारा पेपर सगळ्यांनाच होता. आम्हाला वाटलं, नोट्स मिळतील, पाठ करू, सुटू. पहिल्याच तासाला एक उंच, किडकिडीत गृहस्थ शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा घेऊन आत आले. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “डावीकडचे सगळे विकणारे. उजवीकडचे सगळे घेणारे. माल तुरीचं पोतं. चला, भाव बोला, भाव!”

प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. विकणाऱ्याच्या चिठ्ठीत त्याला पोतं केवढ्याला पडलं तो आकडा, घेणाऱ्याच्या चिठ्ठीत तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. फायद्यात सौदा केला की चिक्की. आणि बाजार सुरू व्हायच्या आधी सर एका कागदावर काहीतरी लिहून तो खडूच्या डब्यात टाकायचे आणि झाकण लावायचे.

काय गोंधळ व्हायचा, म्हणून सांगू! बाकांवर उभं राहून आम्ही ओरडायचो. पहिल्या फेरीत सौदे कुठेही व्हायचे, कोणी नऊशेला, कोणी पंधराशेला. सर फळ्यावर आकडे मांडत इकडून तिकडे पळायचे. दुसऱ्या फेरीत आकडे जवळ यायचे. तिसऱ्या फेरीत फळ्यावर एकच भाव पुन्हा पुन्हा उमटू लागायचा. बाराशे. बाराशे. बाराशे. मग सर म्हणायचे, “तळेगाव, उघड डबा.”

ते आम्हाला गावाच्या नावानेच हाक मारायचे. तळेगाव म्हणजे वंदना. ती झाकण काढून कागद वाचायची. बाराशे! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कोणी कोणाची चिठ्ठी पाहिली नव्हती, तरी सगळ्यांनी मिळून तोच भाव शोधला होता. पुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याच्या त्या दोन छेदणाऱ्या रेषा आम्ही घसा बसेपर्यंत ओरडून काढल्या होत्या.

मी देवळीच्या अडत्याचा मुलगा. लिलाव पाहतच वाढलेला. तरी वंदना मला दरवेळी पाडायची. “बाराशेच्या वर एक रुपया नाई. द्यायचं त दे, नाई त चिक्कीवर पाणी सोड.” वर्ग हसायचा आणि मी जळायचो. एकदा मी उसळून म्हणालो, “सर, हे वर्गात ठीक आहे. खऱ्या बाजारात भाव आम्ही व्यापारी ठरवतो.”

सरांचे डोळे चमकले. “मग ठरवून दाखव न, देवळी!”

पुढच्या तासाला मी डावीकडच्या सगळ्यांना फितवलं. पंधराशेच्या खाली कोणी विकायचं नाही. पाच मिनिटंही टिकलं नाही ते. माझ्याच शेजारच्या मित्राने हळूच तेराशेला पोतं काढलं आणि धडाधड सगळेच घसरले. सर लहान मुलासारखे उड्या मारत होते. “फुटला! फुटला! मले माहीत होतं! काऊन फुटला? फुटण्यात त्याचा फायदा होता, म्हणून!” चिक्की त्या फुटलेल्यालाच मिळाली.

तो सिद्धांत आहे, हे मला कळत होतं. पण मला माझी फजितीच तेवढी दिसत होती.

थोड्याच दिवसांत आमची सहल गिरडला गेली. तिथल्या टेकडीवर, दर्ग्याच्या वाटेवर, सुपारीसारखे गोल गोटे सापडतात. तिकडे सांगतात, एका व्यापाऱ्याने फकिराची टिंगल केली आणि त्याचा सगळा माल दगड होऊन पडला, तेच हे गोटे. दर्ग्यात सगळ्या जातिधर्मांचे लोक जातात, आम्हीही गेलो. परतताना मी डावीकडच्यांना बाजूला घेतलं. प्रत्येकाला एक गोटा उचलायला लावला. “म्हणा, पंधराशेच्या खाली विकणार नाही. जो विकेल त्याचा माल दगड.” सगळे हसत हसत म्हणाले. पण गोटा मात्र प्रत्येकाने जपून खिशात ठेवला.

आठवड्याभराने सरांचा तास पाहायला बाहेरून तीन पाहुणे येणार होते. सर तासिका तत्त्वावर होते. त्यांना कायम करायचं की नाही, ते त्या तासावर ठरणार होतं. वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. मी मनाला समजावलं, एक तास फसल्याने काय होतंय?

त्या दिवशी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कागद डब्यात टाकला, घड्याळ काढलं, “भाव बोला, भाव!” म्हणाले. डावीकडून एकच आवाज आला, “पंधराशे.” दुसरी फेरी, पंधराशे. तिसरी फेरी, पंधराशे. दोन-तीन सौदे झाले आणि बाजार थिजला. उजवीकडचे ओरडून ओरडून बसले. मी पाहत होतो, आमच्यातल्या एकेकाचा हात खिशाकडे जात होता. कोणी फुटलं नाही.

वंदनाने डबा उघडला. कागदावर बाराशेच होते. एक पाहुणे हसून म्हणाले, “हा वर्ग आहे की भाजीबाजार?” आणि तिघे उठून गेले.

सरांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ते आमच्या बाकांपुढे येऊन उभे राहिले. “अरे, कोणी फुटलं काऊन नाई?” आवाजात राग नव्हता. खरोखरचा प्रश्न होता. ते प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत माझ्यापर्यंत आले. मी वहीत डोकं घातलं.

सायकल स्टँडवर वंदनाने मला गाठलं. “तूच केलं न हे? जाय, सांग त्याईले.”

“उद्या सांगतो.”

“उद्या कायले? आत्ता जाय!”

मी गेलो नाही. पुढच्या सत्राला दुसरे सर आले. त्यांनी नोट्स दिल्या, आम्ही पाठ केल्या, पास झालो. मी देवळीची गादी सांभाळू लागलो. गोटा गल्ल्याच्या कोपऱ्यात पडून असायचा. तुरीचा लिलाव सुरू झाला की माझा हात आपोआप त्याच्याकडे जायचा.

बऱ्याच वर्षांनी वंदनाचा फोन आला. ती आर्वीला बँकेत होती. “सर इथं हायेत. बारावी कॉमर्सच्या पोट्ट्याईले शिकवतात. आता तरी येशील का?”

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. जिना चढतानाच वरून आवाज आला, “भाव बोला, भाव!” दारात उभा राहिलो. केस पांढरे झालेले, घड्याळ टेबलावर, चिक्कीचा पुडा शेजारी. त्यांनी क्षणभर निरखून पाहिलं आणि ओरडले, “देवळी! बाप्पा, किती सुटला बे तू! पोरांनो, हा खरा तुरीवाला!”

मी तिथेच, त्या मुलांसमोर, गोटा त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. गिरड, शपथ, खिसे, पंधराशे. सर गोटा फिरवून फिरवून पाहत होते. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, आता उड्या मारतात.

“म्हणजे धाक होता! फुटण्यात फायदा होता, पण फुटण्याचा धाक त्याहून मोठा होता! ऐकलं का रे पोट्टेहो? सिद्धांत बरोबरच होता!” त्यांनी गोटा खडूच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. “दोन वर्षं मी बाजार मांडला नाई, देवळी. मले वाटलं, मीच चुकीचं शिकवून राह्यलो.”

नोकरी गेली, हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

तास संपला. मुलं चिक्की खात जिना उतरली. सरांनी घड्याळ मनगटावर चढवलं, हातांवरचा खडू झटकला आणि मान तिरकी केली.

“एक राह्यलं. मी तुमच्यासमोर उभं राहून विचारलं होतं न तवा. तू बोलला काऊन नाई?”

“भ्यालो, सर,” मी म्हणालो. “आणि जिंकल्याचा आनंदही झाला होता. माझं चुकलं. मला माफ करा.”