बाजारातली हजेरी

चाकणच्या बाजारात माझ्याइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. कांद्याच्या ढिगामागून मी एकदा हाळी दिली की पार भुईकोटाच्या तटापाशी बसलेला घोंगडीवाला मान वळवून बघायचा. आई म्हणायची, "जरा हळू गं, लोकं म्हणतील पोरगी हाय का भोंगा." पण हे म्हणताना ती हसत असायची, कारण आमचा ढीग सगळ्यांच्या आधी संपायचा.

त्या शनिवारी मात्र हाच आवाज माझ्या अंगाशी आला.

माझे वडील पलटणीत होते. ब्रह्मदेशाच्या लढाईत ते गेले तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्यांचा चेहराही आठवत नाही. सरकार आईला पेन्शन देई आणि माझ्या नावाने वेगळा भत्ता देई. पण त्याला एक अट होती. सोळावं वर्ष पुरं झालं की मूल शिकत असेल तरच भत्ता चालू राहायचा, नाहीतर बंद. शाळेत मला उशिराच घातलं होतं, त्यामुळे सोळा पुरी झाली तेव्हा मी नववीत होते. चुलत्यांनी तर सरळ सांगून टाकलं होतं, "सरकार देतंय तवर शीक. भत्ता थांबला की शाळा थांबली. चऱ्होलीचं स्थळ किती दिवस वाट बघणार?"

चऱ्होली चांगलं गाव, मुलगाही चांगला असेल. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला मॅट्रिक व्हायचं होतं. आणि आईला ते माझ्याहून जास्त हवं होतं. पेन्शन घ्यायला गेली की तिला अंगठा उठवावा लागे. घरी येईपर्यंत ती पदराने अंगठा पुसत राही, शाई केव्हाच गेलेली असली तरी. मग मला म्हणे, "तू सही करशील. चांगली लांबलचक कर."

शाळेने माझा दाखला पाठवला होता. त्यावर पेन्शनच्या कचेरीतून उत्तर आलं की आमचा माणूस समक्ष येऊन मुलीला पाहील, मगच पुढचं ठरेल. केव्हा येईल ते मात्र लिहिलं नव्हतं. झालं! त्या दिवसापासून मी धुतलेलं परकर-पोलकं घालून पहिल्या बाकावर बसू लागले आणि फळ्याकडे कमी, दाराकडे जास्त बघू लागले. माझ्यामुळे सगळा वर्गच दबा धरून बसलेला. एकदा कुणी टोपीवाला दारात दिसला तसे आम्ही सगळे ताडकन उठलो आणि एका सुरात "नमस्ते साहेब!" म्हणून ओरडलो. तो बिचारा छपरावरची फुटकी कौलं बघायला आलेला. तो इतका गांगरला की उलट्या पावली पळाला.

आणि खरे साहेब उगवले ते नेमके शनिवारी.

आमच्याकडे शाळेला सुट्टी रविवारी नसे, बाजाराच्या दिवशी असे. शनिवारी निम्मी पोरं आईबापांबरोबर बाजारात बसलेली, मग शाळा उघडून मास्तरांनी काय भिंतींना शिकवायचं? रविवारी आमची शाळा नेहमीसारखी भरे. पुण्यात रविवारी सुट्टी असते असं आम्ही ऐकून होतो, पण पुण्यात काय काय असतं आणि काय काय नसतं, त्याची उठाठेव आम्ही कशाला करावी?

उन्हं चढली होती. खाकी कोट, ताठ मान, पिळदार मिशा आणि हातात कातडी बॅग असा एक माणूस आमच्या ढिगापुढून चालला होता. असं गिऱ्हाईक मी सोडते होय!

"या साहेब, या! आसा कांदा पुण्यात बघायला मिळायचा न्हाई!"

ते थांबले. एक कांदा उचलून त्यांनी दाबून बघितला आणि भाव विचारला. मी सांगितला. त्यांनी पाडून मागितला, मी हात जोडले, ते निघाल्यासारखं करू लागले, मी परत बोलावलं. सगळं रीतसर झालं. शेवटी ते हसून म्हणाले, "विकण्यात चांगलीच तरबेज दिसतेस. रोजचंच काम का हे?"

"रोजचंच की! या कामात माझा हात कोण धरत न्हाई साहेब."

"आणि शाळा?"

"शाळेत कांदा मिळत न्हाई साहेब!"

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. साहेबही हसले. मी तर स्वतःवरच खूश! कांदे पिशवीत घेता घेता त्यांनी आईला विचारलं, "बाई, इथं एका जवानाची मुलगी शाळेत शिकते म्हणे. वडील ब्रह्मदेशात गेले. मी पेन्शनच्या कामासाठी आलोय, पण शाळेला तर भलंमोठं कुलूप आहे." आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

आईच्या हातातली तागडी तशीच अधांतरी राहिली.

"ही... हीच की साहेब," ती म्हणाली.

त्यांचं हसू मावळताना मी पाहिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा कांद्यांकडे बघितलं आणि बॅगेचा पट्टा घट्ट केला. मी घाईघाईने सांगू लागले, आज बाजार, आज सुट्टी, उद्या शाळा. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अगं, शनिवारी सकाळची शाळा असते सगळीकडे. मला नको शिकवूस."

मग ते आईकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "बाई, परवा पिंपरीला असाच एक विद्यार्थी बघायला गेलो होतो. नव्या कारखान्याचं बांधकाम चाललंय ना, तिथं विटा वाहताना सापडला. वर्षभर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्याने. दाखला त्याच्याकडेही होता, शिक्क्यासकट. आता मी डोळ्यांनी पाहीन तेच लिहितो. आज मी काय पाहिलं? मुलगी बाजारात माल विकते."

शेजारपाजारचे मदतीला धावले आणि त्यांनी होतं नव्हतं ते घालवलं. एक म्हणे, "लई हुशार हाय वो." दुसरा म्हणे, "रोज शाळेत जाती, देवाशपथ." लसूणवाली म्हातारी म्हणाली, "हिशेबाला तर बापयाला ऐकत न्हाई." साहेब म्हणाले, "ते मी आत्ताच अनुभवलं." लोक जितक्या शपथा घेत होते तितकी साहेबांची मान ताठ होत होती. दुपारची एस.टी. धरायची होती त्यांना.

मला रडू यायला हवं होतं, पण मला आला राग. असा राग, की कानशिलं तापली. मी खोटारडी? मी? परकर वर खोचला आणि धूम ठोकली.

हेडमास्तर बाजारात असणार हे मला ठाऊक होतं, आणि कुठे असणार तेही. त्यांचा एक नियम होता. ते विद्यार्थ्यांच्या घरच्यांकडून काही विकत घेत नसत, कारण ते लोक पैसे घेत नसत. म्हणून ते दोन पिशव्या घेऊन थेट बाजाराच्या टोकाला जात आणि लांबच्या गावच्या, अनोळखी लोकांकडून भाजी घेत. आणि ते येताना दिसले की आमची पोरं पटापट ढिगांमागे, पोत्यांमागे दडत. न जाणो, भरबाजारात पाढा म्हणायला लावला तर!

सर वांगी निवडत होते. मी धापा टाकत कसंबसं सांगितलं. "साहेब आलेत... पेन्शनचे... शाळा नाही म्हणतात... निघालेत!" सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. धोतराचा सोगा हातात धरला आणि ते पळाले. हेडमास्तरांना पळताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं! पिशवीतून वांगी टपाटप गळत होती, मी वेचायला वाकले तर ओरडले, "राहू दे ती! चल!"

माझ्या मनात एकच धाकधूक. साहेब गेले असतील.

गेले नव्हते. माझ्या अंगठेबहाद्दर आईने त्यांना अडकवून ठेवलं होतं. "थांबा साहेब, मापात गफलत झाली, पाप नको माज्या माथी," असं म्हणून तिने पिशवी उलटी केली होती आणि एकेक कांदा निरखून तागडीत टाकत होती. हा नासका, हा बारका, हा मधून दांडा फुटलेला डेंगळ्याचा. साहेब घड्याळ बघत होते, पण मापाला नको कसं म्हणणार?

सरांनी नमस्कार केला, ओळख सांगितली, बाजारच्या सुट्टीचंही सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "हजेरीपट दाखवा." हजेरीपट कुलपात, आणि किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई सुट्टीचा म्हणून आळंदीला सासुरवाडीला गेलेला. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बरोबर," एवढंच म्हणाले ते.

सरांनी एकदा बाजारावर नजर फिरवली. मग पिशव्या आईजवळ ठेवल्या आणि आमच्या मोकळ्या बैलगाडीवर चढून उभे राहिले.

"इयत्ता नववी!" त्यांनी आवाज दिला. "हजेरी! नंबर एक!"

बाजार गप्प झाला. कुणी हललं नाही. पोरं दडलेली ना!

"नंबर एक!"

बटाट्याच्या ढिगामागून एक डोकं हळूच वर आलं. "हजर, सर."

"दोन!"

"हजर!" मिरचीवाल्यांच्या रांगेतून. पाठोपाठ एक शिंक.

"तीन!" बैलबाजाराकडून, अगदी लांबून, "हजर!" चार नंबर गुळाच्या ढेपांमागून उठला, तोंड पुसत. पाच आणि सहा एकाच पोत्यामागे होते. मग सर म्हणाले, "सात!" आणि उत्तर आलं नाही. सर पुन्हा म्हणाले, "सात!"

"त्यो मामाकडं गेलाय सर, मंचरला!" कुणीतरी ओरडलं.

"गैरहजर," सर म्हणाले आणि पुढे गेले.

तेव्हा पहिल्यांदा साहेबांच्या मिशा हलल्या. पढवून आणलेल्या वर्गात गैरहजर कोण असतं? त्यांनी बॅग खाली ठेवली. लोक मोजमाप सोडून उभे राहिले होते. प्रत्येक नंबराला सगळा बाजार माना वळवून शोधायचा, आता कुठून? आणि कुठून तरी डोकं वर यायचं. टाळ्या पडू लागल्या. लसूणवाली म्हातारी तर आपला नातू उठला तेव्हा बोटं मोडून कडाकडा दृष्ट काढू लागली. मला हसू येत होतं, अंगावर काटा येत होता, सगळं एकदम.

मुलांनंतर मुली. आम्ही दोघीच, आणि मी शेवटची. माझा नंबर पुकारला गेला आणि माझ्या घशातून आवाजच फुटेना. बाजार दणाणून सोडणारी मी, नुसते ओठ हलवत उभी. आईने पाठीत गुद्दा घातला.

"हजर," मी कशीबशी म्हणाले.

"मघाचा आवाज कुठे गेला?" साहेब म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

"हजर!"

तटापाशी घोंगडीवाल्याने मान वळवली.

साहेबांनी तिथेच पोत्यावर कागद ठेवून लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं: मुलगी शाळेत शिकत आहे, समक्ष पाहिले. आईने ते पुन्हा वाचायला लावलं. मग साहेब तिला म्हणाले, "मीही पलटणीतलाच, बाई. लढाईनंतर अशीच हजेरी घेतात. पुकारतात, आणि काही जणांचं उत्तर येत नाही. पुकारणारा जरासा थांबतो, मग पुढचं नाव घेतो." एवढं बोलून ते एकदम घाईने एस.टी.कडे निघाले. कांदे विसरलेच होते. मी पळत जाऊन गाडीच्या खिडकीतून पिशवी आत दिली.

त्या दिवशी आम्ही काय विकलं, काय उरलं, मला काही आठवत नाही. पोरं माझ्याभोवती नाचत होती, सर परत वांगी आणायला गेले होते, आणि मी मोठमोठ्याने मॅट्रिकच्या गोष्टी करत होते, जणू परीक्षा उद्यावर आली होती.

घरी जाताना आई गाडी हाकत होती. मीच एकटी बडबडत होते. गावची वेस दिसू लागली तेव्हा तिने विचारलं, "तुज्या बापालाबी तसंच पुकारलं आसंल, न्हाई?"

"व्हय, आई."

तिने कासरे जरा आवरले. "मग येकदा त्यांच्या वाटचं म्हण."

मी रिकाम्या गाडीत उभी राहिले, दांडीला धरलं, आणि बाजारात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले, "हजर!"

बैल बिचकून पळत सुटले. आई कासरे ओढता ओढता हसत होती आणि रडतही होती, आणि डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.